मार्गशीर्षातली टर्की

टर्की फुकट होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला वेड्यात काढलंत तरी उधळ्या तरी म्हणणार नाही. आमच्या एडिसनमधल्या एका सुपरमार्केटात ऑक्टोबर-नोव्हेंबरात चारशे डॉलरची खरेदी झाली की थँक्सगिव्हिंगला टर्की फुकट मिळते. घरात वाढत्या वयाची दोन मुलं असली की चारशे डॉलर दुधा-अंड्यांतच जातात. न्यू जर्सीत अठरा वर्षं काढून मी ती कधी घेतली नव्हती. यंदा आई कोल्हापूरहून आली होती, तिला इथला सण दाखवायचा होता. चौदा पानांचा बेत ठरला. टर्की माणशी सव्वा पौंड धरावी म्हणतात, म्हणून मी अठरा पौंडांची उचलली. म्हणजे आठ किलोंच्या वर.

माझा हिशेब चोख होता. घोळ पंचांगात होता.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. १९४१ साली अमेरिकेच्या काँग्रेसने तसा कायदाच केला आहे. कायदा करताना त्यांनी मार्गशीर्षाचा विचार केलेला दिसत नाही. २०२५ साली तो गुरुवार आला २७ नोव्हेंबरला, आणि मार्गशीर्ष लागला होता २१ला. बुधवारी रात्री मी टर्की मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून, बादली गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये कोंबून, विजयी मुद्रेने हात पुसत वर आलो. आई सोबत आणलेलं कालनिर्णय चाळत बसली होती.

"उद्या पहिला गुरुवार ना रे?"

"हो, म्हणजे चौथा."

"नोव्हेंबरचा चौथा असेल. मार्गशीर्षाचा पहिला."

आमची आई एरवी रश्श्याचा नुसता वास घेऊन बोकड कुठल्या बाजारचा ते सांगेल. पण मार्गशीर्षात ती महिनाभर अंड्यालासुद्धा शिवत नाही. बायकोने "अगंबाई, खरंच की!" म्हणत ग्रुपवर मेसेज टाकला, आणि दहाच्या आत दोन्ही मराठी कुटुंबांची उत्तरं आली. त्यांच्याकडेही गुरुवार होता. येणार नक्की, पण साबुदाण्याची खिचडी मिळाली तर बरं होईल. चौदापैकी नऊ जण गळाले. उरलो मी, दोन मुलं आणि शेजारचं म्हातारं अमेरिकन जोडपं. पाच तोंडं आणि आठ किलो.

गुरुवारचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की अजून घाम फुटतो. ओव्हनमध्ये टर्की, शेगडीवर खिचडी, आणि दोन्हींच्या मध्ये आईने नजरेनं आखलेली लक्ष्मणरेषा. घटासाठी पाच झाडांचे डहाळे हवे होते. नोव्हेंबरअखेरीला न्यू जर्सीत झाडांचे नुसते खराटे झालेले असतात, त्यामुळे बायकोने दिवाणखान्यातल्या कुंड्यांतून पाच जातींची पानं खुडली. देवीने चालवून घेतलं असावं. चार वाजता शेजारच्या आजोबांनी रिवाजाप्रमाणे मोठ्या सुरीने टर्कीच्या छातीचे काप काढले, सगळ्यांनी वाहवा केली, आणि नऊ जणांनी ती वाहवा लांबूनच केली. खिचडी शेवटच्या दाण्यापर्यंत संपली. शेजारच्या आजींनी तीनदा घेतली. टर्कीच्या एका तंगडीला आणि थोड्या छातीला काय तो धक्का लागला. बाकीची मी आजोबांना डब्यात भरून देऊ केली, तेव्हा ते इतक्या चपळाईने दारापर्यंत पोचले की गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस वाटेना. त्यांच्या फ्रीजमध्ये लेकीच्या घरची टर्की आधीच येऊन पडली होती.

आता शिळ्याचं म्हणाल तर ते आपल्याला नवं नाही. मी ज्या घरात वाढलो तिथे रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा व्हायचा, भाताला फोडणी मिळायची, भाकरी ताकात कुस्करली जायची. पण हे सगळं शास्त्र दीड पोळी आणि वाटीभर भात यांच्यासाठी बेतलेलं आहे. पाच किलो शिळं कसं संपवावं यावर आपले पूर्वज काही बोललेले नाहीत. त्यात इथल्या कृषी खात्याचा दंडक असा, की शिजलेली टर्की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवी आणि पुढे तीन-चार दिवसांत खाऊन तरी संपायला हवी, नाहीतर फ्रीझरमध्ये तरी जायला हवी. म्हणजे सोमवारपर्यंत मुदत. मी नोकरीतही इतक्या कडक डेडलाइनला काम केलेलं नाही.

शुक्रवारी सँडविच. पावावर टर्की, त्यावर क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस. इथला परंपरागत उपाय आहे आणि पहिल्या वेळी बरा लागतो. सकाळी खाल्लं, दुपारी खाल्लं. रात्री मुलाने ताटात बघितलं आणि विचारलं, "बाबा, हे वेगळं आहे की तेच?" मी म्हटलं, वेगळं आहे, हे गरम आहे.

खरी अडचण छातीची. तंगडीचं मांस गडद, ओलसर, कसंही वागवा. छाती मात्र एकदा भाजली की कोरडी ठक्क. ती पुन्हा रश्श्यात उकळली की मऊ होईल, असा माझा मटणावरून बांधलेला अंदाज होता. अर्धा तास उकळल्यावर ती सुतळी झाली. सुतळीला निदान गाठ मारता येते. मुलगी म्हणाली, "आपण याला चिकन म्हणून बघू या का?" म्हणून बघितलं. फरक पडला नाही.

जेवताना आईने विचारलं, "याला मराठीत काय म्हणायचं?" मी फोन काढला आणि त्यात अडकलो. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला, मेक्सिकोकडे माणसाळवलेला. पण इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं. तुर्की भाषेत त्याला म्हणतात 'हिंदी', म्हणजे आपल्याकडचा. डच लोक त्याचं नाव केरळातल्या कालिकतवरून घेतात. आणि पोर्तुगीजमध्ये तो 'पेरू'. तो गोव्यातूनच आपल्याकडे वर सरकला. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून विचित्र प्राणी-पक्षी आणून जहांगीर बादशहाला नजर केले, त्यात टर्की होती. बादशहाने ती उस्ताद मन्सूरकडून रंगवून घेतली. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

"म्हणजे बादशहानं तिचं चित्र काढलं," आई म्हणाली. "शहाणा होता."

थोडं थांबून म्हणाली, "आणि पेरूच म्हणतात तर पेरूच आणायचा होतास. कोशिंबीर तरी झाली असती."

मला त्या सगळ्या देशांची वागणूक एकदम समजली. प्रत्येकाने पक्षी दुसऱ्याच्या गळ्यात घातला होता. शुक्रवारी रात्री मीही तेच करत होतो. फोनवर मित्रांना विचारत सुटलो होतो, "येताय का उद्या जेवायला?" त्यांनीही फुकटचीच टर्की घेतलेली होती.

शनिवारी सकाळी मी सांगाडा टाकून द्यायला निघालो, तेव्हा आईने दिवाणखान्यातून आवाज दिला. स्वयंपाकघरात ती येत नव्हती. दाराशी, पदराचं टोक नाकाला लावून, पाठ आमच्याकडे करून बसली होती.

"काय टाकतोयस?"

"हाडं."

"हाडं टाकतोस? कोल्हापूरचा ना तू?"

आणि तिथून पुढे तीन तास आईने मला पाठ करूनच पांढरा रस्सा शिकवला. सांगाडा कुकरात मावेना. गॅरेजमधला हातोडा आणून, जाड कापडात गुंडाळून फोडला. खालच्या मजल्यावर अभ्यास करत असलेली मुलगी धावत वर आली, बघून परत गेली, काही बोलली नाही. हाडं बुडतील एवढं पाणी, कांदा, आलं, तमालपत्र, मिरे. "मीठ नको आत्ता, आळणी काढायचीय." आळणी म्हणजे हाडांचं बिनमिठाचं पाणी. मंद आचेवर पाणी नुसतं थरथरत ठेवायचं, खळखळ उकळू द्यायचं नाही, नाहीतर गढूळ होतं. तासाभरात घरभर असा वास सुटला की आईने पदर नाकावर आणखी घट्ट धरला. वास नको म्हणून की फार हवा म्हणून, मला सांगता येणार नाही.

"रंग कसा आलाय? दाखवू नको, सांग."

"सोनेरी."

"तरंग?"

"आहे."

"काढून ठेव निम्मा. आता तीळ, खसखस, काजू भिजवलेस का? वाट. गंधासारखं वाट." मिक्सर थांबला की, "अजून." पुन्हा थांबला की, "आवाज कोरडा येतोय, पाणी घाल." तुपात लवंग, वेलची, दालचिनी, हिरवी मिरची, आलं-लसूण. वाटण परतताना करपू द्यायचं नाही, रस्सा पांढरा राहायला हवा. मग गाळलेली आळणी. सगळ्यात शेवटी नारळाचं दूध, आणि ते पडल्यावर उकळी नाही. "उकळी आली की फाटला. मग मला विचारू नको."

टर्की? ती अगदी शेवटी. हाताने पातळ धागे सोडवून, गॅस बंद करताना आत टाकायची, नुसती ऊब लागेल इतकीच. शुक्रवारच्या सुतळीचं उत्तर इतकं सोपं होतं. आधीच शिजलेल्याला पुन्हा शिजवायचं नाही.

आणि मीठ.

"दीड चमचा," आई म्हणाली.

"आई, टर्की मिठाच्या पाण्यात ठेवली होती. एक बास."

"टर्की ठेवली होतीस. पाणी किती घातलंस?"

"बास गं एक."

"घाल तुला हवं तेवढं. मी काय चाखणार आहे?"

रस्सा वाटीत ओतला तेव्हा मुलं संशयाने बसली होती. मुलाने चमचा बुडवला, नाकाजवळ नेला, प्यायला, आणि वाटी तोंडाला लावली. बाहेर चार अंश होते आणि पाऊस भुरभुरत होता. मुलगी भाताबरोबर जेवली आणि मग नुसती वाटी घेऊन सोफ्यावर जाऊन बसली. बायको डाळ-भात जेवत होती. आमच्या वाट्यांकडे ती ज्या तऱ्हेने बघत होती, त्यावरून लक्ष्मी ही देवता फार कठीण परीक्षा घेते असं माझं मत झालं. संध्याकाळी शेजारच्या आजोबांना एक डबा दिला. अर्ध्या तासात डबा धुऊन परत आला, आणि सोबत एक पिशवी. पिशवीत त्यांच्या लेकीकडच्या टर्कीचा सांगाडा.

रविवारी तंगडीचा खिमा करून पावाबरोबर दिला. त्याबद्दल तक्रार नव्हती. उरलेल्या छातीचे बटाटा घालून कटलेट केले, त्याबद्दल होती. सोमवारी रात्री मुदत संपता संपता मी बाकीचं सगळं पिशव्यांत भरलं, वर तारखा घातल्या, आणि आळणीचे चार डबे फ्रीझरमध्ये रचले. दोन आमच्या सांगाड्याचे, दोन शेजारच्या. आईने पहिल्यांदाच मागे वळून बघितलं.

"किती राहिलं?"

"चार डबे."

"राहू दे. महिना संपू दे."

१९ डिसेंबरला अमावास्या झाली. रविवारी, २१ तारखेला, सकाळी सात वाजता मिक्सरच्या आवाजाने मी जागा झालो. खाली गेलो तर आई स्वयंपाकघरात, पदर खोचलेला, आळणी वितळत ठेवलेली. मला तिने नारळ खवायला बसवलं आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. रस्सा झाल्यावर तिने माझ्या हाती मीठ दिलं.

"मागच्या वेळी घातलंस तेवढंच घाल."

मी एक चमचा घातला. आईने पळीतला रस्सा तळहातावर घेतला, डोळे मिटून चाखला. महिन्याभराने तिच्या तोंडाला रस्सा लागत होता. मी बघत राहिलो.

"तरी मी तेव्हा सांगत होते," ती म्हणाली, आणि मिठाचा डबा ओढून घेतला.