खुलासा : प्लेग टाळायचा तर आधी पिसवा, मग उंदीर

‘घरातले उंदीर मारले की प्लेग टळला’ असा संदेश फिरतो आहे. तो अर्धवट आहे, आणि जिथे प्लेग आढळतो तिथे धोकादायकही.

उंदरांकडून माणसापर्यंत प्लेगचे जंतू पोचतात ते मुख्यतः पिसवांमार्फत. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी हे १८९८ मध्येच दाखवून दिलं होतं. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा ते सोडून दुसरं रक्त शोधतात. जवळ माणूस असेल तर त्यालाच चावतात. जंतूंमुळे पिसवेचा अन्नमार्ग तुंबला असेल तर तिची भूक भागत नाही, ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर वेळी जंतू जखमेत सोडते. अशा वेळी नुसतं उंदरांचं विष टाकणं म्हणजे या पिसवा स्वतःच्या अंथरुणात बोलावणं.

म्हणून आधी पिसवा मारण्यासाठी बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या वाटांवर कीटकनाशक भुकटी टाकतात. ती केसांना चिकटून उंदरासोबत बिळात जाते. कोणती भुकटी वापरायची ते आरोग्य कर्मचाऱ्यांनाच ठरवू द्या, कारण काही कीटकनाशकांना पिसवा दाद देत नाहीत.

उंदीर आपोआप मरून पडू लागले तर हात लावू नका, लगेच कळवा. ताप येऊन जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात.