सगळी दुकानंच म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. घरच्या ग्रुपवर एका दादाने व्हिडिओ टाकला. कोणीतरी पाण्याखाली प्रवाळाचे तुकडे दोऱ्यांनी टांगतंय, मागे हळवं संगीत. खाली दादाची मल्लिनाथी: "ही समुद्र वाचवणारी मंडळी म्हणजे सगळी दुकानं. वर्गणी जमवायची आणि फुकटात डायव्हिंग." त्यावर सात जण खो-खो हसलेत.

दोनदा टाइप करून पुसलं. म्हटलं इथेच लिहावं, इथे आपली माणसं आहेत.

काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा स्नॉर्केलिंगला गेले होते. मास्कमध्ये पाणी शिरलं, घाबरले, पायाला दगड लागला म्हणून त्यावर उभी राहिले. दगड नव्हता तो. काहीतरी कचकन मोडलेलं फिन्समधूनही जाणवलं. तेवढ्यात एका मुलीने दंडाला धरून मला बाजूला ओढलं. ती तिथे टेप अंथरून प्रवाळ मोजत होती, हातात पाटी. (हो, पाटीच. प्लास्टिकची. पेन्सिलीने पाण्याखालीही लिहिता येतं.)

बोटीवर आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून बसले. ती काही बोललीच नाही. पाटी पुढे केली. 'मोडलेले'च्या रकान्यात चार उभ्या रेघा आणि त्यांच्यावर एक तिरकी. "तिरकी तुमची," एवढंच.

ही मुलगी दुकान चालवत होती का रे दादा? एक पैसा मिळत नव्हता तिला. रीफ चेक ही संस्था १९९६ पासून अशाच हौशी डायव्हर्सच्या जिवावर चाललीये. शंभर मीटरची पट्टी, दर अर्ध्या मीटरला खाली काय आहे त्याची नोंद: जिवंत प्रवाळ, मेलेलं, वाळू, दगड. याचा व्हिडिओ कोण बघणार? संगीत लावलं तरी नाही.

बरं, काही दुकानं आहेत. मलाही कोणीतरी 'प्रवाळ दत्तक घ्या'चं प्रमाणपत्र भेट दिलं होतं. पुढे त्या प्रवाळाचं काय झालं विचारलं, तर आजतागायत उत्तर नाही. झालं समाधान?

आणि ते टांगलेले तुकडे. पाण्याखालच्या अशा 'नर्सरीत' ते वाढवतात आणि मग समुद्रतळावर नेऊन लावतात. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात समुद्र इतका तापला की कोरल रीस्टोरेशन फाउंडेशन या संस्थेने वर्षानुवर्षं जिथे अशी लावणी केली होती, त्या सोम्ब्रेरो रीफवर (रीफ म्हणजे प्रवाळांचा खडक) त्यांना एकही प्रवाळ जिवंत दिसलं नाही. ज्यांनी हाताने लावलं, त्यांनीच जाऊन ते बघितलं. तरी नर्सरीतलं उरलंसुरलं उचलून किनाऱ्यावरच्या टाक्यांत हलवायला लोक राबले. फुकटातलं डायव्हिंग म्हणे! २०२३ पासूनच्या उष्णतेचा फटका जगातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त प्रवाळक्षेत्राला बसलाय. ती उष्णता काय या संस्थांनी पाण्यात ओतली? आपण सगळ्यांनी मिळून ओतलीये. मीसुद्धा. पुन्हा तिरकी रेघ.

जाऊ दे, चिडून काय होणार. दादालाही माहीत नसेल की प्रवाळ हा प्राणी आहे. मला तरी कुठे माहीत होतं, उभी राहिलेच ना त्यावर? त्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला रंगही देतं आणि जेवूही घालतं. पाणी तापलं की ते शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. पण लगेच मरत नाही. उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शेवाळ परत येतं. हे मला त्या मुलीनेच बोटीवर सांगितलं, ओला टॉवेल पिळता पिळता.

तिनेच फिलिपिन्समधल्या आपो बेटाचंही सांगितलं. १९८२ साली तिथल्या कोळ्यांनी अँजेल अल्काला या शास्त्रज्ञाच्या आणि सिलिमान विद्यापीठाच्या मदतीने समुद्राचा एक तुकडा मासेमारीला बंद केला आणि स्वतःच पहारा ठेवला. आत मासे वाढले, मग बाहेरच्या जाळ्यांतही येऊ लागले. सगळीकडे असं जमत नाही, मान्य. पण पोटावर पाय येईल अशी भीती असताना त्या लोकांनी हे केलं, आणि आपण ग्रुपवर हसतोय.

शेवटी ग्रुपवर एवढंच लिहिलं: "दादा, एकदा त्यांच्याबरोबर पट्टी धरून बघ."

आत्ता बघितलं तर अंगठा आलाय. माझ्या मेसेजला की कोणाच्या तरी सुप्रभातला, देव जाणे.