नेव्हिगेट म्हणे!

आज दुपारी ऑफिसात मेल आली. चार परिच्छेदांत पाच वेळा 'नेव्हिगेट'. हा काळ नेव्हिगेट करू, बदल नेव्हिगेट करू, भावनासुद्धा नेव्हिगेट करू! वाचून मान वर केली तर शेजारचा मित्र लॅपटॉप जमा करायला निघालेला. अकरा वर्षं शेजारी बसतोय. संध्याकाळपासून फोन बंद आहे त्याचा.

१९९८ साली चिपळूणहून पुण्यात आलो. स्वारगेटला उतरलो, हातात ट्रंक, खोली खुन्या मुरलीधरापाशी. तासभर बोळ तुडवून शेवटी ओट्यावर बसलेल्या एका आजोबांना वाट विचारली.

"आत्ता कुठं आहेस?"

"चिपळूणहून आलो."

"कुठनं आलास ते नाही विचारलं. उभा कुठं आहेस?"

माहीत नव्हतं. "मग वाट कशी सांगू?" म्हणाले. असला राग आला होता!

पण नेव्हिगेटचा सगळा जीव त्या प्रश्नातच आहे. लॅटिनमध्ये 'नाविस' म्हणजे जहाज, 'अगेरे' म्हणजे हाकणं. (संस्कृत 'नवगती'वरून आलाय हे व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान कृपा करून इथं नको. 'नाविस' आणि आपली 'नौ' बहिणी आहेत, तेवढं पुरे.) खलाशी रात्री आधी ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजायचा, त्यावरून अक्षांश. पुण्यात तो साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो. आधी आपण कुठं आहोत ते, मग सुकाणूला हात. आमच्या मेलमध्ये आम्ही कुठं आहोत ते नाही, कुठं निघालोय ते नाही. किती जणांना बोटीतून उतरवलं, तेही नाही!

आणि गंमत बघा. इंग्लंडात एके काळी कालव्यांनाच नेव्हिगेशन म्हणत, ते खोदणारे मजूर म्हणजे नेव्हिगेटर, त्याचं पुढं झालं 'नॅव्ही' (navvy; आरमारातली नेव्ही नव्हे). कुदळ-फावड्यानं माती उपसणारी माणसं! या शब्दाला घाम होता हो. आता एसीत बसून भावना नेव्हिगेट करतात.

बरं, भाषा बदलते, मान्य. वेबसाइटवर नेव्हिगेट करा म्हटलेलं मला खुपत नाही. आपणही भवसागर तरून जातोच की. पण 'तरून' म्हणताना बुडण्याची भीती कबूल असते. 'वाट काढणं' म्हणताना समोर वाट नाही, हे कबूल असतं. 'वाट लागली' तर काय, सरळच सांगतो आपण. नेव्हिगेट कशाचीच कबुली देत नाही. म्हणून आवडतो त्यांना.

मेल लिहिणारी मुलगी सव्विसाची असेल. चहाच्या मशीनपाशी डोळे पुसत होती. तिला कुणीतरी वरून मजकूर धरायला दिला असणार. तिच्यावर नाही राग. आता तर कुणावर आहे तेही नीट कळेना.

ते आजोबा शेवटी उठले होते, चपला सरकवल्या, ट्रंकेची एक कडी स्वतः धरली. "हा भिकारदास मारुती. इथं आहेस तू. चल." खोलीच्या दारापर्यंत आले, पाणीसुद्धा न घेता गेले.

थांबा. त्याचाच फोन.

भूमकर चौकात आहे म्हणतोय, गाडी कडेला लावून. कधीचा तिथंच उभा आहे. निघतो मी.