एकरी उतारा आणि शेणाचा हिशोब

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून एकदा तरी सेंद्रिय शेती की रासायनिक हा वाद पेटतोच. मामा व्हिडिओ टाकतात : एका देशी गाईवर तीस एकर शेती, खताचा खर्च शून्य, उत्पन्न रासायनिकपेक्षा जास्त. नारायणगावला टोमॅटो करणारा माझा दादा त्यावर श्रीलंकेची बातमी डकवतो. तिथल्या सरकारनं २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतं एका झटक्यात बंद केली आणि नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला. सेंद्रियच्या नादी लागलात तर उपाशी मराल, हे त्याचं म्हणणं. मग दोघंही माझ्याकडे वळतात. "तू तिकडं नेदरलँड्समध्ये राहतेस, तूच सांग, तिकडं काय करतात?"

मी राहते अल्मेरमध्ये, म्हणजे फ्लेवोलँड प्रांतात. गेल्या शतकात समुद्र हटवून काढलेली ही जमीन. शहर संपलं की कांदा, गाजर, बटाटा, आणि त्यात सेंद्रिय शेतंही बरीच. शेतीशास्त्रातली मी नाही, पण शेतकऱ्याच्या घरातली आहे आणि भाजी इथलीच खाते, तेवढ्या अधिकारावर बोलते.

आधी आकडे. २०१२ मध्ये या विषयावर दोन मोठे अभ्यास आले. इथल्याच वाखेनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरातल्या ३६२ तुलना एकत्र करून सांगितलं की सेंद्रिय उत्पादन सरासरी २० टक्के कमी येतं. त्याच वर्षी कॅनडातून आलेल्या अभ्यासात भाजीपाल्याची तूट ३३ टक्क्यांपर्यंत गेली, फळांची मात्र जेमतेम ३ टक्के होती. म्हणजे "जास्त येतं" हा मामांचा दावा सरासरीला टिकत नाही, आणि "उपाशी मराल" हा दादाचा दावाही सगळ्या पिकांना लागू होत नाही. वाद इथंच संपायला हवा होता. पण "कमी" म्हणजे कशाच्या तुलनेत, हे कोणी विचारत नाही.

इथल्या काचघरात टोमॅटो चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास निघतो. एकरात मांडला तर दोनशे टन. दादाचा प्लॉट एकरी पंचवीस-तीस टनांवर गेला तर तो पेढे वाटतो. हे दोनशे टन मातीतले नाहीतच. मुळं रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंच्या, गादीत, खत थेंबाथेंबानं, वर उबेसाठी नैसर्गिक वायू. २०२२ मध्ये वायूचे भाव भडकले तेव्हा हिवाळ्यात कित्येक काचघरं रिकामी ठेवावी लागली. युरोपच्या नियमानं सेंद्रिय टोमॅटो मातीतच वाढला पाहिजे, त्यामुळे तो या शर्यतीत उतरतच नाही. आणि गंमत अशी की या पक्क्या "रासायनिक" काचघरात परागीभवनाला भुंगे सोडतात, पांढऱ्या माशीवर औषध मारण्याआधी तिला खाणारे ढेकणाच्या जातीचे मित्रकीटक सोडतात. नागअळी आली की दादा दर चार दिवसांनी पंप पाठीवर घेतो. फवारण्याच मोजायच्या तर सेंद्रियच्या जवळ कोण आहे, हे मामांनीच सांगावं.

आता मुद्द्याचं. सेंद्रियच्या उताऱ्यातली, म्हणजे एकरी उत्पादनातली, ही तूट बरीचशी नत्राची (नायट्रोजनची) आहे. आपल्याकडे संकरित टोमॅटोला हेक्टरी ३०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १२०. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत वीस किलोच्या वर नत्र असतं. नत्रापुरतं बोलायचं तर सहा गोण्या, २६६ रुपयांच्या भावानं सोळाशे रुपये. तेवढंच नत्र शेणखतातून द्यायचं तर, त्यात अर्धा टक्का नत्र धरून, एकरी २४ टन शेणखत लागेल, आणि त्यातलंही सगळं पहिल्या वर्षी पिकाला लागू होत नाही. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांच्या जीवामृतात, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रावणात, एकराला एका वेळी दहा किलो शेण, दहा लिटरपर्यंत गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. सढळ हातानं मोजलं तरी यात नत्र पाव किलोच्या आतच. जीवामृतवाले म्हणतात, हे खत नव्हे, विरजण आहे. मान्य. पण विरजण लावायला आधी दूध पाहिजे. जमिनीत सेंद्रिय कर्बच नसेल तर लावायचं कशाला? आमच्या घरी बैल होते तेव्हा उकिरडा भरलेला असायचा. ट्रॅक्टर आला, बैल गेले, आता दादा शेणखताची ट्रॉली विकत घेतो, तीही ओळखीनं.

इथं नेमकं उलटं. एवढ्याशा देशात गाई, डुकरं, कोंबड्या इतक्या की शेण उचलून न्यायला शेतकरी पैसे मोजतो. २०१९ च्या ऑक्टोबरात शेणामूत्रातून हवेत जाणाऱ्या नत्राच्या नियमांवरून शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर थेट हेगपर्यंत नेले होते. सेंद्रिय शेतकऱ्याला हेक्टरी १७० किलो नत्रापर्यंत शेणखत टाकता येतं, आणि त्यातला काही भाग बिगरसेंद्रिय गोठ्यातला असला तरी नियमात बसतो. म्हणजे त्या गाईंच्या गवताला घातलेलं रासायनिक नत्र फिरून सेंद्रिय गाजरात येतं. हे इथं कोणी लपवत नाही, पण आपल्याकडच्या व्हिडिओत ते कधी दिसत नाही.

दुसरी गोष्ट तणाची. उन्हाळ्यात सायकलवरून जाताना गाजराच्या शेतात एक यंत्र मुंगीच्या चालीनं सरकताना दिसतं. त्यावर आडव्या गाद्या, गाद्यांवर पाच-सहा माणसं पालथी पडलेली, कपाळ टेकवायला पट्टा, हात खाली वाफ्यात. एकेक तण बोटानं उपटत दिवस काढायचा. तणनाशक चालत नाही, म्हणून हे. ही माणसं बहुतेक पूर्व युरोपातून येतात, आणि किमान वेतन तासाला १४ युरोच्या वर आहे. तो पैसा गाजराच्या पाकिटावर चढतो आणि गिऱ्हाईक देतं. आपल्याकडे खुरपणी बायका उकिडव्या बसून करतात, पुरुषापेक्षा कमी रोजावर. सेंद्रिय स्वस्तात पडतं म्हणणाऱ्यानं त्यांचा रोज धरलाय का, हे मी हल्ली आधी विचारते.

आणि गिऱ्हाईक? नारायणगावच्या टोमॅटो बाजारात बिनफवारणीचा क्रेट आला तरी त्याच लिलावात, त्याच भावात जातो. तिथं दादाला पावसाळी टोमॅटो सेंद्रिय कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मेथी, कोथिंबीर, पालक यांचं वेगळं. महिना-दीड महिन्याचं पीक, नत्राची भूक कमी, आणि फवारा मारून चार दिवसांत ताटात येणारी भाजी. तिथं थोडा उतारा गेला तरी चालेल असं मला वाटतं, पण पुण्यातल्या सोसायट्यांनी वर्षभराचा भाव आधी ठरवून दिला तर. गाईचे फोटो फॉरवर्ड करून ते होत नाही.

मधला रस्ता म्हणून मी दादाला हिरवळीच्या खतासाठी ताग सुचवला. टोमॅटोआधी पेरायचा, फुलावर आला की गाडायचा, युरिया कमी लागेल. त्याला हे माझ्याआधीपासून माहीत होतं. तो म्हणाला, "तागात पन्नास दिवस वावर अडकतं. तेवढ्यात माझी एक कोथिंबीर निघते. तिचे पैसे कोणत्या रकान्यात धरलेत तुझ्या विद्यापीठानं?" उतारा एकेका पिकाचा मोजायचा की वर्षभर अडकलेल्या जमिनीचा, हा त्याचा मुद्दा बिनतोड आहे. मामांनी अजून त्यावर काही टाकलेलं नाही.