लोखंड चोख होतं, कागद जुळला नाही

काका, नमस्कार. माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं असं, की छोट्या फाउंड्र्यांना, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांना, परदेशी बाजारात न्यायला सरकारने पैसा ओतू नये. मालात दम असेल तर गिऱ्हाईक शोधत येतं, जर्मनीतले मध्यम कारखाने कुणाचा हात न धरता जगभर गेले, आणि आपल्याकडे अनुदान म्हणजे प्रदर्शनाच्या नावाखाली सहल.

सहलीचं मान्य. ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी 'गिफा' हे फाउंड्रीवाल्यांचं प्रदर्शन भरतं. तिथे नुसती कार्डं वाटून परतलेली मंडळी मीही पाहिली आहेत.

पण मालात दम असला की भागतं, हे मला पटत नाही. आमच्या फाउंड्रीची पहिली परदेशी ऑर्डर पंपाच्या बॉडीची होती. ड्रॉइंगवर ग्रेड ५००-७, म्हणजे एसजी आयर्न (मॅग्नेशियम देऊन ठिसूळपणा कमी केलेलं ओतीव लोखंड), ताणशक्ती किमान ५०० मेगापास्कल आणि तुटण्याआधी किमान ७ टक्के लांबलं पाहिजे. सोबत ३.१ प्रमाणपत्र, म्हणजे त्याच मालाच्या चाचण्यांचे निकाल लिहून दिलेला कागद. तुम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्य काढलंत, मॅग्नेशियम दिल्यावर लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं भांडं, रेंगाळली तर त्याचा असर उतरतो हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या पोरांनी एकही लॅडल रेंगाळू दिली नाही. टेस्ट बार, म्हणजे त्याच लोखंडाचा चाचणीचा दांडा, ९ टक्के लांबून मग तुटला. तरी तिकडे सगळा लॉट बाजूला काढून ठेवला. कारण दिवसात सहा हीट, म्हणजे भट्टीचे सहा घाणे, निघाल्या होत्या, टेस्ट बार दोनच हीटचे होते, आणि कुठली बॉडी कुठल्या हीटची याची खूण कास्टिंगवर नव्हती. चूक आमचीच. चार महिने पैसे अडकले आणि त्या चार महिन्यांत पगार कसे भागवले ते आमचं आम्हाला माहीत.

म्हणून म्हणते, छोट्या कारखानदाराला हिंमत आणि कसब कमी पडत नाही, पुरावा कमी पडतो. ताणशक्ती मोजणारी टेन्साइल मशीन, मायक्रोस्कोप, त्यांचं कॅलिब्रेशन आणि परदेशी ड्रॉइंग ओळ न् ओळ वाचणारा मेटलर्जिस्ट, म्हणजे धातुतज्ज्ञ, हे सगळं एकट्याला झेपत नाही. साच्यांच्या वापरलेल्या वाळूचं तेच होतं. ती टाकायची कुठे, हे एकेकट्याला सुटेना. क्लस्टरने, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या गटाने, सामायिक प्रकल्प काढला तेव्हा कुठे वाट निघाली.

जर्मनीचंही तसंच. उद्योगांसाठी संशोधन करणारी फ्राउनहोफर संस्था १९४९ ची. निर्यातीचे पैसे बुडाले तर भरून द्यायची हमी तिथलं सरकार त्याच वर्षापासून देतंय. एकट्याला न परवडणारं संशोधन मध्यम कारखान्यांनी मिळून करावं, म्हणून १९५४ ला एआयएफ ही संघटना निघाली आणि त्या संशोधनाला सरकारी पैसा मिळत आला. हात धरलेला होता, आपल्याला दिसला नाही इतकंच. आपल्याकडे निर्यातीच्या पैशांचा विमा देणारी सरकारी ईसीजीसी १९५७ पासून आहे. दर्जाच्या वादात तो विमा कामाला येत नाही, पण गिऱ्हाईक बुडालं तर येतो. आम्हाला त्याचं नाव पहिल्या ऑर्डरनंतर कळलं!

एका बाबतीत तुम्ही माझ्याहून खरे आहात. अनुदानातून आणलेली आणि प्लास्टिकचं कव्हरही न निघालेली मशीन मी पाहिलीये, कारण चालवणारा माणूसच नेमला नव्हता. म्हणून माझी मागणी आता मशीनची नाही, माणसाच्या पगाराची आहे, निदान पहिली तीन वर्षं.

एक निवृत्त मेटलर्जिस्ट आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे येतात. त्यांचा पगार शिरोलीतल्या आम्ही तीन फाउंड्र्या मिळून देतो. त्यांनी पॅटर्नवर, म्हणजे ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्यावर, बदलता येणारे आकडे बसवून घेतले. कुठल्या आकड्याचा साचा कुठल्या हीटला ओतला हे आता साचा भरणारा मोल्डरच वहीत लिहितो. पुढचा लॉट आठ दिवसांत पास झाला. अशी आणखी माणसं हवी आहेत काका. तुमच्या ओळखीत कुणी घरी बसून असेल तर कळवा, गाडी पाठवते.