बाहीवरचं भोक

लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांततेसाठी प्रार्थना होते. १९८२ पासून होते आहे. मी ख्रिस्ती नाही, पण या शहरात राहायला आल्यापासून जमेल तेव्हा मागच्या बाकावर जाऊन बसते. तिथेच ओळख झालेल्या एका आजींनी मला एकदा घरी बोलावलं आणि कपाटातून त्यांचं शाळेतलं जाकीट काढून दाखवलं. बाहीवर तळहाताएवढं गोल भोक होतं, कात्रीने नीट कापलेलं. "इथे लोहार होता," त्या म्हणाल्या.

तो लोहार तलवार ठोकून तिचा नांगराचा फाळ करत होता. कल्पना बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याची, शिल्प सोव्हिएत शिल्पकाराचं. १९५९ मध्ये सोव्हिएत संघानेच ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांना भेट दिलं. लाइपझिग तेव्हा पूर्व जर्मनीत होतं, सोव्हिएत गोटातल्या देशात. १९८० पासून तिथल्या चर्चने त्याचं चित्र कापडावर छापून वाटलं. कागदावर छापायचं तर सरकारी परवाना लागे, कापडावर छापायला लागत नसे. तरुण पोरांनी ते बाह्यांवर शिवलं. मॉस्कोनेच जगाला दिलेल्या शिल्पाचं चित्र सरकार कसं काय अडवणार? पण १९८२ मध्ये अडवलंच. शिक्षक आणि पोलीस ते उसवायला लावत. मग काही जणांनी चित्र कापून दिलं आणि भोक तसंच ठेवलं.

हे मला का महत्त्वाचं वाटतं ते सांगते. पूर्व जर्मनीचं सरकार शांततेच्या विरोधात नव्हतं. उठता-बसता शांततेचाच जप चालू असे, फक्त दोष सगळा पलीकडच्या अमेरिकी क्षेपणास्त्रांचा. चर्चमधल्या लोकांनी विचारलं, अलीकडच्यांचं काय? १९८३ च्या सप्टेंबरात विटेनबर्गला, धर्मसुधारक ल्यूथरच्या घराच्या अंगणात, एका खऱ्या लोहाराने खरी तलवार तापवून लोकांसमोर तिचा फाळ केला. पलीकडच्याची तलवार मोडायची मागणी कोणीही करतो. यांनी आपल्या अंगणात भट्टी पेटवली.

हेच मी दादाला फोनवर सांगत होते, मे २०२५ मधल्या भारत-पाक संघर्षानंतर. तो शांतपणे ऐकून घेतो, मग एकच प्रश्न टाकतो. "युक्रेनने अण्वस्त्रं देऊन टाकली. काय झालं त्यांचं? तुला तिकडे बसून बोलणं सोपं आहे."

दादाचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने ती अस्त्रं सोडायचं कबूल केलं आणि रशिया, ब्रिटन, अमेरिकेने त्याच्या सीमा मानण्याचं आश्वासन दिलं. त्यातल्याच रशियाने ते मोडलं. खरं आहे, त्या अस्त्रांच्या किल्ल्या तेव्हाही मॉस्कोच्याच हातात होत्या. पण शब्द मोडला गेला हेही तितकंच खरं, आणि इथल्या चर्चलाही ते चुकवता आलेलं नाही. २००७ मध्ये जर्मन प्रोटेस्टंट चर्चने लिहिलं होतं की अण्वस्त्रांची धमकी हा स्वसंरक्षणाचा न्याय्य मार्ग मानता येत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरातल्या नव्या निवेदनात ते म्हणतात, नीती पाहिली तर ही अस्त्रं सोडायलाच हवीत, पण आजचं जग पाहता ती बाळगणं राजकीयदृष्ट्या गरजेचं ठरू शकतं.

ही माघार आहे असं माझं मत आहे. पोप फ्रान्सिस २०१९ मध्ये हिरोशिमात उभं राहून म्हणाले होते की अण्वस्त्र वापरणं अनैतिक आणि बाळगणंही अनैतिक. त्याआधी २०१७ मध्ये, अण्वस्त्रबंदी करार सह्यांसाठी खुला झाला त्याच दिवशी, व्हॅटिकनने सही करून तो मंजूरही केला होता. मी त्या बाजूची आहे. तरीही जर्मन चर्चचा मला आदर वाटतो, कारण भांडण झाकलेलं नाही. निवेदनावर चर्चमधूनच जोरदार टीका झाली. जर्मनीतल्या ब्युखेलच्या हवाई तळावर सुमारे २० अमेरिकी अणुबॉम्ब असल्याचं मानलं जातं, सरकार हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. वेळ आली तर ते टाकायचे जर्मन वैमानिकांनीच. त्या तळाच्या फाटकासमोर ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमत आली आहेत. त्यांना कोणी रशियाचे हस्तक म्हणतं, तेही ऐकून घेतात.

आपल्याकडे हा वाद कुठे आहे? धर्मांची कमतरता नाही, शांतिपाठांचीही नाही. पण आपल्याच बॉम्बबद्दल आपल्याच लोकांशी बोलायला कोण उभं राहतं? १९५४ मध्ये नेहरूंनी अणुचाचण्या थांबवा म्हणून जगाला आवाहन केलं. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रमुक्त जगाची टप्प्याटप्प्याची योजना मांडली. दहा वर्षांनी पोखरणला पाच स्फोट झाले, आणि २०१७ च्या कराराच्या वाटाघाटींना आपण गेलोही नाही. जर्मनीही गेली नाही, हे दादा मला लगेच ऐकवतो आणि त्यात तो बरोबर आहे.

आपल्या हातात एक चांगली गोष्ट अजून आहे. प्रथम वापर करणार नाही हे वचन. २००३ च्या धोरणात ते लेखी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खुद्द पोखरणला जाऊन संरक्षणमंत्री म्हणाले, पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून. त्यावर निवृत्त अधिकारी बोलले, अभ्यासक बोलले. एखाद्या मठातून, मशिदीतून, गुरुद्वारातून किंवा चर्चमधून "हे वचन मोडू नका" असा आवाज निदान माझ्या कानावर तरी आला नाही. हे म्हणायला कोणाला शस्त्रं टाकावी लागत नाहीत, सैनिकाचा अपमानही होत नाही. दादालासुद्धा ते वचन मान्य आहे, मी विचारलं त्याला.

"मग जाहीरपणे म्हणशील का?" मी पुढे विचारलं. तो थोडा थांबला. "गावभर देशद्रोही ठरेन," म्हणाला.

मी त्याला जाकिटाचा फोटो पाठवला. ते घातलं तेव्हा आजी सोळा वर्षांच्या होत्या.