लॅमिनेट केलेलं टाइमटेबल

सेकंड इयरला सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहून लिहून बोटं वाकडी झाली होती, म्हणून म्हणलं थर्ड इयर प्लॅनिंगनेच काढायचं. दोन रात्री जागून (वेळेचं नियोजन करायला जागरण केलं, हसा) एक्सेलमध्ये अख्ख्या सेमचं टाइमटेबल केलं. इन्सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) हिरवी, सबमिशन लाल, आणि रोजचा अभ्यास 25 मिनिटं, मग 5 मिनिटं ब्रेक, ती टोमॅटोवाली पद्धत. इटलीतल्या कुठल्यातरी कॉलेजच्या पोराने टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून काढली म्हणे. आमच्या मेसच्या भाजीत टोमॅटो दिसत नाही, ते सोडा.

मोठ्या कागदावर कलर प्रिंट काढली, लॅमिनेशनही करून घेतलं. झेरॉक्सवाल्या काकांनी ते काउंटरवर ठेवलं आणि शेजारी आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी थांबलेल्या आजींनी चष्मा लावून सरळ वाचायलाच घेतलं.

"पहाटे पाचला उठणारेस? कोण उठवणार?"

"अलार्म लावतो ना आजी."

"आणि तो बंद कोण करणार?"

काका फिस्सकन हसले.

"बरं, यात आंघोळ कुठंय?"

म्हणलं आजी, ती धरलेलीच असते. "धरलेली म्हणजे राहिलेली," आजी म्हणाल्या, आणि बोट फिरवत फिरवत ऑगस्टवर आल्या. "27 ऑगस्टला गणपती? कोणाचे?"

तिथेच घात झाला. सुट्ट्या मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरून उचलल्या होत्या. "अरे यंदा अधिक ज्येष्ठ होता ना! गणपती 14 सप्टेंबरला. तुझी ही हिरवी परीक्षा पंधरा तारखेला आहे, ऋषिपंचमीला! मोदक खाऊन जाणार पेपरला?"

आता लॅमिनेट केलेलं खोडणार कसं? व्हाइटनर प्लास्टिकवर टिकत नाही, नखाने निघतो, करून बघितलं. शंभराच्या वर गेले होते. काका म्हणाले, "नवीन काढू का?" मी काही बोलायच्या आत आजी, "त्याचं राहू दे, माझं आधी कर. त्याला काय, दर पंचवीस मिनिटांनी सुट्टी आहे."

आणि खरं सांगू, राग आजींचा नाही. त्याच रात्री सव्वाअकराला ग्रुपवर नोटीस आली, पहिलं सबमिशन दहा दिवस अलीकडे घेतलंय, 'विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी'. कुठे घ्यावी? प्लास्टिकवर? आम्हाला पहिल्याच आठवड्यात टाइम मॅनेजमेंटचं दोन तासांचं सेमिनार, ते सुरू झालं पाऊण तास उशिरा, त्याची अटेंडन्स पण घेतली, 75 टक्क्यांच्या खाली गेलो तर डिफॉल्टर आम्हीच. त्यांना कोण डिफॉल्टर करतं?

सध्या टाइमटेबल रूमवर जमिनीवर अंथरलेलं असतं. रूममेट त्याच्यावर मॅगीचं भांडं ठेवतो, पुसायला सोपं पडतं म्हणतो. काल सांडलेलं पुसताना दिसलं, रविवारी तरी आंघोळ लिहायला जागा होती.